कापसाचे पंचांग आणि दिवाळीचा बाजार

वऱ्हाडात दिवाळीची खरेदी कापसाच्या पैशावर होते, आणि कापूस पंचांग पाळत नाही. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येते; अधिक मासामुळे त्याची इंग्रजी तारीख मागेपुढे सरकते. २०१७ मध्ये ते १९ ऑक्टोबरला आले, २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. पगारदाराला या २६ दिवसांनी फारसे बिघडत नाही. जूनमध्ये सरकी टोबणाऱ्याला मात्र सगळा फरक त्यातच असतो. कापसाची वेचणी पावसाळा ओसरल्यावर सुरू होते आणि हिवाळाभर चालते. दिवाळी लवकर आली तर झाडावर बोंडे हिरवीच असतात. उशिरा आली तर एखाददुसरा वेचा घरात येऊन पडलेला असतो. अमरावती-अकोल्याकडच्या सणाच्या ओढाताणीचे मूळ बहुतांशी या अंतरात आहे.

रेल्वे येण्यापूर्वी सणासाठी विकत घ्यायच्या वस्तू थोड्या होत्या. तेल, गूळ, डाळ गावातच मिळे. पणत्या कुंभार देई, केरसुणीही गावातच तयार होई, आणि त्यांचा मोबदला धान्यात चुकता होई. लुगडे, धोतर, बांगड्या एवढ्यांसाठी आठवडी बाजार गाठावा लागे. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही करून दहीभात वाहण्याची रीत आहे. तिला पैसा लागत नाही, म्हणूनच ती साऱ्या उलथापालथीत टिकली असावी.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला चढा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात तो अमरावतीच्याच नावाने, ‘उमरा’ म्हणून विकला जाई. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. ज्या मार्गाने गाठी बाहेर गेल्या त्याच मार्गाने विलायती कापड, साखर आणि घासलेट आत आले. अमरावतीच्या परकोटाआत आणि अकोल्याच्या कापड बाजारात पेढ्या वाढल्या. सणाला नवे कापड हवेच, ही अपेक्षा शेतकऱ्याच्या घरात पक्की होण्यात या स्वस्त गिरणी कापडाचा वाटा मोठा आहे. युद्ध संपले, भाव कोसळले. अपेक्षा मात्र खाली आली नाही.

हंगाम आणि सण यांच्यातले अंतर भरून काढायला उधारी होती. कापूस घेणारा, कापड विकणारा आणि कर्ज देणारा पुष्कळदा एकच असामी असे. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीत फिरते: लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा, पाडव्याला नवे खाते. जुने खाते त्याआधी मिटवण्याचा तगादा असे. म्हणजे ज्या आठवड्यात घरी नवे लुगडे न्यायचे त्याच आठवड्यात गेल्या साली नेलेल्या लुगड्याचा हिशेब द्यायचा. यातून सुटायला शेतात उभा असलेला कापूस आधीच, पडत्या भावाने, त्याच पेढीला बोलला जाई. बाजारातली फसवणूक आवरण्यासाठी १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. त्याने वजनमाप आणि दलाली यांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. उधारीच्या वहीला हात लावला नाही.

शेतकरी सणासमारंभात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, असा ठपका इंग्रज अंमलदार सर्रास ठेवत. पुणे-नगरकडच्या १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने मात्र लग्नकार्य आणि सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. वऱ्हाडालाही ते लागू पडते. शेतकऱ्याची दिवाळीतली सोनेखरेदी ही निव्वळ हौस नव्हती. चांगल्या सालात घेतलेली पाटली वाईट सालात बियाण्यासाठी सराफाकडे गहाण पडे; बँक नसलेल्या गावात बचत करायची ती अशीच. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत असे किती दागिने मोडले गेले असतील, त्याची नोंद कोणत्याही वहीत एकत्र सापडायची नाही.

स्वदेशीच्या चळवळीने १९०५ पासून खरेदीला निराळे वळण दिले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे निकटचे सहकारी होते, त्यामुळे तिचे पडसाद इथेही उमटले. विलायती कापड आणि परदेशी साखर टाळायची म्हटल्यावर सणाचा बाजार हा राजकीय प्रश्न बनला. गिरण्यांमुळे शहरात आणखी एक फरक पडला. अकोल्याची सावतराम मिल किंवा बडनेऱ्याची विजय मिल यांतल्या कामगाराची दिवाळी बोंडांऐवजी बोनसकडे डोळे लावून बसे. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ठरला. तो आज वेतनाच्या ८.३३ टक्के आहे. सरकारी नोकराला सणाची उचल मिळू लागली. एकाच बाजारात एका गिऱ्हाइकाच्या हाती ठरलेली रक्कम आणि दुसऱ्याच्या हाती नुसता अंदाज, ही विषमता तेव्हापासूनची.

कर्ज काढून सण करण्यावर सर्वांत कडाडून बोलला तो याच मातीतला माणूस. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाच्या जेवणाची चाल मोडून गोड जेवण घातले. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि सावकाराचे कर्ज त्यांच्याच तोंडून कबूल करून घेत. ताटे विका, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोरांना शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश होता. त्यात काटकसरीची कात्री पहिल्यांदा बाईच्या लुगड्यावर चालते, हेही ध्यानात घ्यायला हवे. घरोघरी व्यवहारात तेच होई. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी १९५५ च्या ग्रामगीतेत सण-उत्सवांना स्वतंत्र अध्याय दिला आणि सण गावाने मिळून, कमी खर्चात करावेत असा आग्रह धरला.

बाईच्या वाट्याचा ताण पैशापुरता नसतो. वेचणी हे मुख्यतः बायकांचे काम. पूर्वी मजुरी वेचलेल्या कापसाच्या वाट्यात मिळे, पुढे मणावर, आता किलोवर. दिवाळीच्या तोंडावर दिवसभर वेचणी, रात्री घराची सारवण, शेव-चकल्या-अनारसे, आणि बाजाराच्या दिवशी मजुरीच्या पैशातून पोरांचे कपडे. त्यात भाऊबिजेसाठी माहेरी जायचे. सण म्हणजे विसावा, ही व्याख्या तिला लावताच येत नाही.

१९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. खासगी व्यापाऱ्याला बाजूला सारून पणन महासंघ कापूस घेऊ लागला. भावाची हमी आली, पण पैसा हप्त्यांनी मिळे. विकलेल्या कापसाच्या या पैशासाठी ‘चुकारे’ हा शब्द वऱ्हाडच्या घराघरांत रुळला. दिवाळीआधी केंद्रे उघडा, दिवाळीआधी चुकारे द्या, या मागण्या जणू सणाचा रिवाजच झाल्या. जिथे भाव जास्त तिकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेपार, चोरून गाड्याही जात. २००२ नंतर मक्तेदारी सैल झाली आणि व्यापारी परतला.

तोवर बियाणे-खतांचा खर्च वाढला होता. नव्वदीच्या अखेरीपासून शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू झाले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ताणाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणे त्याही नंतरचे. राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातून शेतकऱ्यांसाठी समुपदेशन सुरू झाले आणि २०२२ पासून १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे. समुपदेशक मनाचा भार हलका करू शकतो. चुकारा लवकर आणणे त्याच्या हाती नाही.

लोकांनी आपला उपाय आधीच शोधला होता. आठवड्याला थोडी रक्कम टाकून दिवाळीआधी वाटून घ्यायची भिशी, आणि पुढे बचत गट, यांनी सावकाराच्या दारातल्या काही फेऱ्या वाचवल्या. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शिधापत्रिकेवर १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. मात्र खर्च वाढवणारी साधनेही वाढली: अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेचे तयार कपड्यांचे घाऊक बाजार, आणि हप्त्यांवर मिळणारे मोबाइल व दुचाक्या. उधारी आता कापडाच्या वहीतून वित्त कंपनीच्या हप्त्यात गेली आहे, आणि हप्त्याला पाडव्याची सवड नाही.

अमरावती जिल्ह्यातल्याच मेळघाटात हिशेब वेगळा. तिथल्या कोरकू आदिवासींचा मोठा सण होळी. कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसे तेव्हा परततात आणि धारणी, चिखलदऱ्याकडच्या बाजारांत खरेदी होते. दिवाळीनंतर तिथे घुंगरू बाजार भरतो. गुरे राखणारे थाट्या त्यात नाचतात. इथे कापसाच्या चुकाऱ्याची जागा रोजगार हमीच्या मजुरीने घेतली आहे, आणि होळीआधी ती थकली की तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे येतात.