जोडीदाराने उभे राहायचे कुठे? दुहेरी टेनिसचे व्यूह

टेनिसच्या नियमांनी सर्व्हिस करणाऱ्याची जागा आखून दिली आहे. त्याच्या जोडीदाराला मात्र जाळ्याच्या आपल्या बाजूला कुठेही उभे राहण्याची मुभा आहे. दुहेरीतले सारे अपारंपरिक व्यूह या एका सवलतीतून जन्मले. #थ्रेड

१८८४ ते १८८९ या काळात विम्बल्डनची दुहेरी पाच वेळा जिंकणारे रेनशॉ बंधू आक्रमक व्हॉलीसाठी ओळखले जात. जो जाळे काबीज करील, त्याचा गुण. पण जाळ्याजवळच्या गड्याला चुकवण्याची वाटही प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असते: तिरका परतीचा फटका, थेट सर्व्हिस करणाऱ्याकडे.

‘ऑस्ट्रेलियन’ व्यूह नेमकी हीच वाट अडवतो. जोडीदार सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूला, जाळ्यापाशी उभा राहतो. दुसरी बाजू उघडी पडते. सर्व्हिस होताच ती सावरायला धावावे लागते.

‘आय’ व्यूह त्याहून धूर्त. जोडीदार मध्यरेषेपाशी, जाळ्यालगत अगदी वाकून बसतो, कारण सहकाऱ्याची सर्व्हिस त्याला लागली तर तो फॉल्ट ठरतो. तो कोणत्या बाजूला झेपावणार, हे पाठीमागे केलेल्या बोटांच्या खुणेने आधीच ठरलेले असते. समोरचा अंधारात. सर्व्हिस फार वेगवान नसली तरी चालते; संशय पुरेसा असतो.

लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी हा व्यूह वापरला. १९९९ मध्ये त्यांनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठल्या. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले. जाळ्यावरच्या पेसच्या चपळाईचे कौतुक नेहमी होते. मोकळ्या अर्ध्या मैदानात वेळेवर पोहोचणाऱ्या भूपतीचे तितके झाले नाही.