मध्यम लांबीच्या केसांच्या कुत्र्याची घरगुती निगा

मध्यम लांबीचे केस असलेल्या कुत्र्याला विंचरणे, त्याच्या केसांतील गुंता सोडवणे, त्याला स्नान घालणे, कान पुसणे व नखे कापणे या घरी करता येण्याजोग्या कामांना एकत्रितपणे ग्रूमिंग असे म्हटले जाते. घोड्याबैलांसाठी मराठीत ‘खरारा करणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र इंग्रजी शब्दच रूढ झाला. इंडियन स्पिट्झ, गोल्डन रिट्रीव्हर, बॉर्डर कॉली व कॉकर स्पॅनियल या अशा केसांच्या परिचित जाती होत. महाराष्ट्रातील घरांत ‘पामेरियन’ या नावाने ओळखली जाणारी पांढरी कुत्री पुष्कळदा प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. निगेचा हेतू केवळ शोभा हा नाही. दाट केसांखाली जखम, पुरळ किंवा गोचीड सहज लपते आणि हात फिरवल्याखेरीज ती कळत नाही.

केसांची रचना

स्पिट्झ, रिट्रीव्हर व कॉली यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व काहीसे राठ असून ते पाणी, धूळ व ऊन अडवतात. आतली लव मऊ व दाट असते. ऋतू बदलताना ही लव मोठ्या प्रमाणात झडते. सुटलेली लव बाहेर पडली नाही, तर ती वरच्या केसांत अडकून गुंता होतो.

विंचरणे

आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि केस झडण्याच्या काळात रोज विंचरणे इष्ट ठरते. बारीक तारांचा स्लिकर ब्रश व धातूचा रुंद दातांचा कंगवा ही दोन साधने बहुधा पुरतात. केवळ वरून ब्रश फिरवल्यास पाठ तुळतुळीत दिसते, पण आतला थर तसाच दाबलेला राहतो. ही सर्वांत नेहमीची चूक होय. त्यासाठी एका हाताने केस वर उचलून धरावेत, त्वचा दिसेल असा भांग पाडावा आणि खालून थोडे थोडे केस सोडत विंचरत जावे. शेवटी कंगवा त्वचेपासून टोकापर्यंत न अडकता गेला, तर काम पूर्ण झाले असे समजावे. कानांमागे, बगलेत, जांघेत, गळपट्ट्याखाली व मांड्यांच्या मागच्या झालरीत गुंता आधी होतो.

गुंता लहान असल्यास त्यावर थोडे कॉर्नफ्लोअर चोळून तो बोटांनी मोकळा करता येतो. मुळाशी कात्री घालणे धोक्याचे असते, कारण घट्ट गुंत्यात त्वचाही ओढली जाऊन वर येते आणि केसांबरोबर कापली जाते. कापणे अटळ असल्यास गुंता व त्वचा यांच्यामध्ये कंगवा धरून त्याच्या वरच्या बाजूने कापावे.

स्नान

साधारणतः महिन्यातून एकदा स्नान पुरेसे असते. स्नानापूर्वी विंचरणे आवश्यक आहे, कारण भिजलेला गुंता वाळताना अधिक आवळतो. माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ जाणारी असते. म्हणून माणसांचा साबण वा शाम्पू वापरू नये. फेस पूर्णपणे धुऊन काढावा. पावसाळ्यात आतली लव ओलसर राहिल्यास त्वचेला खाज व दुर्गंधी येते आणि बुरशी वा जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे मुळापर्यंत वाळवणे हेच या ऋतूतील खरे काम ठरते.

उन्हाळ्यातील मुंडण

उन्हाळा लागताच कुत्र्याचे केस मशीनने सरसकट उतरवण्याची प्रथा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसते. हेतू दयेचा असला, तरी दुहेरी केसांच्या जातींना त्याने सहसा लाभ होत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. घाम त्याला प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांनाच येतो. केस उतरवल्याने उन्हापासूनचे संरक्षण मात्र जाते आणि उघडी त्वचा भाजू शकते. काही कुत्र्यांचे केस पुन्हा येण्यास अनेक महिने लागतात. आलेले केस ठिगळांसारखे विरळ किंवा वेगळ्या पोताचे असू शकतात. सुटलेली लव विंचरून काढली, की केसांमध्ये हवा खेळते. त्यासोबत सावली, भरपूर पाणी व सकाळ-संध्याकाळचेच फिरणे इतके पुरेसे होते. शस्त्रक्रिया, त्वचारोग किंवा न सुटणारा गुंता यांसाठी पशुवैद्याने केस काढण्यास सांगणे ही बाब वेगळी.

गोचीड

गोचीड एर्लिकिया व बबेसिया या रोगकारक सूक्ष्मजीवांचा प्रसार करते व त्यातून येणारा ताप जिवावर बेतू शकतो. विंचरताना कानांच्या आत-बाहेर, मानेवर व पायांच्या बोटांमध्ये बोटांनी चाचपून पाहावे. सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, तिला चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे टाळावे. कुत्र्याला ताप आल्यास, हिरड्या फिकट पडल्यास किंवा त्याने खाणे सोडल्यास रक्ततपासणीस विलंब करू नये.

कान व नखे

लोंबत्या कानांत हवा कमी खेळते, म्हणून कॉकर स्पॅनियलचे कान आठवड्याला पाहावेत. दिसेल तेवढाच भाग पशुवैद्याने सुचवलेल्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसावा. कापसाची काडी आत घालू नये. नख फरशीवर वाजू लागले, की कापण्याची वेळ झाली. पांढऱ्या नखात रक्तवाहिनीचा गुलाबी भाग दिसतो. काळ्या नखात तो दिसत नसल्याने एका वेळी अगदी थोडेच कापावे. रक्त आल्यास कॉर्नफ्लोअर दाबून धरल्याने ते बहुधा थांबते. अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही व झिजत नाही. ते वळून मांसात रुतल्याचे लांब केसांमुळे अनेकदा उशिरा लक्षात येते.