कानातलं कानातच: बंद हेडफोनची गोष्ट

हेडफोनच्या खोक्यावर काय काय छापलेलं असतं बघा. फ्रीक्वेन्सी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, इम्पिडन्स अमुक ओम, ड्रायव्हर ४० मिमी, वजन, वायरची लांबी, झालंच तर बॅटरी किती तास चालते. एक आकडा मात्र मी आजवर कुठल्याही खोक्यावर पाहिलेला नाही. तुम्ही गाणं ऐकत असताना शेजारच्याला किती ऐकू येणार?

हा प्रश्न पडायला आमचं कुंभारी अगदी योग्य ठिकाण आहे. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागलं की हे गाव. २००६ साली इथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. नंतर रे नगर आलं. तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. घर स्वतःचं झालं ही फार मोठी गोष्ट आहे, पण घर लहानच. आई दिवसभर विड्या वळून आडवी झालेली, वडिलांना किंवा भावाला पहाटेच्या पाळीला लूमवर जायचंय, आणि कोपऱ्यात बसलेल्या पोराला रात्री अकरा वाजता रहमान ऐकायचाय. तोही नीट, फोनच्या स्पीकरवर पुटपुटल्यासारखा नाही. 'स्वतःची खोली' हे उत्तर नसतं तिथे हेडफोन हीच खोली. आणि त्या खोलीच्या भिंती किती जाड, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

का नसतं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

हेडफोन गाणी ऐकण्यासाठी जन्मालाच आले नाहीत. सुरुवातीला ते टेलिफोन ऑपरेटरांच्या डोक्यावर होते. १९१० मध्ये अमेरिकेत यूटामधल्या नथॅनियल बाल्डविनने स्वयंपाकघरात बसून दोन कानांचा जोड बनवला आणि आरमाराला पाठवून दिला. आरमाराला तो आवडला, पण बाल्डविन एका वेळी दहाच बनवून देऊ शकत होता, कारण कारखाना म्हणजे तेच स्वयंपाकघर :) बोटीवरच्या वायरलेसवाल्याला बारीक सिग्नल ऐकू यायला हवा, एवढीच अट होती. आवाज बाहेर जातो का, हे विचारायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

आपल्याकडेही तेच. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. क्रिस्टल सेटवर तो जेमतेम तीस मैलांपर्यंत ऐकू यायचा, सोलापूरला कुठला यायला! या क्रिस्टल सेटला ना बॅटरी ना अँप्लिफायर. अँटेनात येईल तेवढ्याच विजेवर चालणार, म्हणून कानाला हेडफोन लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे रेडिओ आधी एकट्याने ऐकायची गोष्ट होती. चावडीवरचा, हॉटेलातला, अख्ख्या आळीला बातम्या ऐकवणारा रेडिओ व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर आल्यानंतरचा. आपण मात्र समजतो की पूर्वी सगळे मिळून ऐकायचे आणि आता हेडफोनमुळे माणूस एकटा पडला.

दुसऱ्याला त्रास नको हा विचार बाजारात आणला जॉन कॉसने. हा मिलवॉकीचा जॅझ वाजवणारा गडी. १९५८ मध्ये मार्टिन लँग नावाच्या इंजिनियरबरोबर त्याने एक पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर बनवला आणि त्याला चक्क 'प्रायव्हसी स्विच' दिला. विकायचा होता प्लेअर. लोक मात्र सोबतच्या हेडफोनवरच फिदा झाले आणि एसपी/३ हा घरगुती स्टिरिओ हेडफोन निघाला. कपाच्या मागची बाजू बंद, कानाभोवती गादी.

मग दहा वर्षांनी उलटी गंगा. १९६८ मध्ये सेन्हायझरने एचडी ४१४ आणला, मागून उघडा, पिवळ्या स्पंजचा, हलका. बंद कपात आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, थोडा कोंदट होतो, कान घामेजतात. उघड्यात हे काही नाही. हेडफोन लाखांनी खपला आणि 'चांगला हेडफोन म्हणजे उघडा' हे शौकिनांच्या डोक्यात पक्कं बसलं. स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्याला ते ठीक आहे.

१ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला आणि हा उघडा स्पंजवाला हेडफोन घरातून थेट लोकलच्या डब्यात शिरला. गळती हा 'प्रॉब्लेम' खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला. जपानी लोकांनी गाडीत शेजाऱ्याच्या कानातून येणाऱ्या आवाजाला नावच दिलं, शाका-शाका. नाव किती अचूक आहे बघा. उघड्या हेडफोनमध्ये पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असते. ढोलाचा खर्ज बाहेर पडल्या पडल्या या दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उरतात फक्त झांजा आणि 'स' 'श'. म्हणून शेजाऱ्याला गाणं कधीच ऐकू येत नाही, ऐकू येतो त्याचा चोथा. वैताग येणारच.

यावर उपाय शौकिनांच्या दुनियेतून नाही, कामकरी दुनियेतून आला. मुंबईत पूर्वी फिल्मी गाणं सगळे वादक आणि गायक एकत्र बसून एका दमात रेकॉर्ड करायचे. मल्टिट्रॅक आल्यावर वादक आधी वाजवून जातो आणि गायक नंतर एकटा, हेडफोनमध्ये ट्रॅक ऐकत गातो. तोंडासमोर वीतभर अंतरावर अतिशय तिखट कानाचा माइक. हेडफोन गळका असेल तर गाण्यातल्या शांत जागी मागे क्लिकची टिक-टिक रेकॉर्ड होणार, की टेक वाया! गळती म्हणजे थेट पैशाचं नुकसान अशी ही एकच जागा होती. त्यामुळे स्टुडिओसाठीच्या बंद हेडफोनमध्ये तिचा विचार झाला: बायरडायनॅमिकचा डीटी ७७० (१९८५), सेन्हायझरचा एचडी २५ (१९८८), सोनीचा एमडीआर-७५०६ (१९९१). हे तिन्ही आजही नवे मिळतात, यातच काय ते आलं. माझं मत विचाराल तर कुंभारीतल्या त्या पोराने याच घराण्यातलं काहीतरी घ्यावं. हे नाही परवडले तर याच धाटणीचं स्वस्तातलं.

"पण नॉइज कॅन्सलिंग आहे ना आता?" हो, पण त्याची दिशा वेगळी. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना अमर बोसना विमानाच्या घरघरीत गाणं नीट ऐकू येईना, तिथून ती कल्पना निघाली. १९८९ मध्ये वैमानिकांचा हेडसेट आला आणि २००० मध्ये क्वाएट कम्फर्ट. हे तंत्र बाहेरचा आवाज आत मारतं, आतला बाहेर जाणारा अडवत नाही. तरी आडमार्गाने फायदा होतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रुळांचा खडखडाट कमी ऐकू आला की तुम्ही आवाज कमी ठेवता आणि तेवढीच गळतीही घटते. रात्रीच्या शांत घरात मात्र हा फायदा जवळपास शून्य, तिथे कपच कामाला येतो.

आता घेताना काय बघायचं. सगळ्यात महत्त्वाची गादी. रेक्झिनसारखी गुळगुळीत गादी कानाभोवती चिकटून बसते, मखमली गादी मऊ लागते पण तिच्यातून आवाज झिरपतो. डीटी ७७० च्या काही प्रकारांवर मखमलच येते, तेव्हा बघून घ्या. चष्म्याची दांडी गादीखाली फट पाडते. त्या फटीतून आधी खर्ज पळतो, मग आपण आवाज वाढवतो, आणि मग सगळंच बाहेर. कपावर भोकं किंवा जाळी दिसली तर 'बंद' हा शब्द जपून घ्यायचा, नुसत्या नक्षीची जाळीही असते म्हणा. ओमचा आकडाही बघा. २५० ओमवाला साध्या फोनवर रडका वाजेल, फोनसाठी ३२ किंवा फार तर ८० चा घ्यावा. फोनला गोल पिनचं भोक नसेल तर अडॅप्टरचे पैसे वेगळे धरा. रेक्झिन दोन-चार वर्षांत सोलपटतं, म्हणून सुट्या गाद्या मिळतात का हेही आधीच विचारून ठेवायचं.

आणि खोक्यावर नसलेला तो आकडा दुकानातच काढता येतो. रोज ऐकता तेवढ्याच आवाजावर झांजा भरपूर असलेलं एखादं गाणं लावा, हेडफोन मित्राच्या डोक्यावर चढवा आणि स्वतः दोन हात लांब उभे राहा. दुकानातला पंखा आणि टीव्ही मात्र तेवढ्यापुरता बंद करायला सांगा. दुकानदार कटकट करेल. करू दे.