निलंबन, दुर्गम मार्गांवरील मोटारगाड्यांचे : बदली भागांची निवड

खडकाळ चढ, चिखलाच्या गाडीवाटा, नदीपात्रे आणि वाळू अशा भूभागावर चालविल्या जाणाऱ्या चारचाकी-चालनाच्या मोटारगाडीत निर्मात्याने बसविलेल्या स्प्रिंग, धक्काशोषक (बोलीत शॉकअप), बुश आणि जोडदांडे यांच्या जागी वेगळ्या गुणधर्मांचे, बहुधा अन्य उत्पादकांचे भाग निवडून बसविण्याच्या कामाचा विचार या नोंदीत केला आहे. चाके व आस (ॲक्सल) यांना सांगाड्याशी जोडणारी, चाकाला वर-खाली हालू देणारी आणि त्या हालचालीला आवर घालणारी यंत्रणा म्हणजे निलंबन होय. निर्माता ती ठरविताना सर्वसाधारण भार, डांबरी रस्ता, आराम आणि किंमत यांचा मेळ घालतो. त्यामुळे गाडीवर पोलादी बंपर, विंच, टपावरचा सामानपिंजरा आणि जादा इंधनाचे कॅन चढले, किंवा तिचा बहुतेक वेळ कच्च्या वाटांवर जाऊ लागला, की मूळ भाग अपुरे पडू लागतात.

बाजारात हे भाग बहुधा उंचीच्या मापाने विकले जातात आणि घेणाराही ‘दोन इंच लिफ्ट’ मागतो. निवडीचा हा प्रारंभच चुकीचा आहे, कारण उंची हा स्प्रिंग, भार आणि जोडणीची भूमिती यांच्या निवडीतून मिळणारा परिणाम आहे. शिवाय आस अखंड असलेल्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने सांगाडा वर जातो, पण डिफरन्शिअलचे हाउसिंग, म्हणजे दगडाला सर्वांत आधी टेकणारा भाग, जमिनीपासून होता तितक्याच अंतरावर राहतो. त्याची उंची केवळ मोठ्या व्यासाच्या टायरनेच वाढते. उंच केलेल्या सांगाड्याचा खरा लाभ चढणीचा व उतरणीचा कोन सुधारण्यात आणि मोठ्या टायरला जागा मिळण्यात असतो, तर वर गेलेल्या गुरुत्वमध्याची किंमत आडव्या उतारावर मोजावी लागते.

निवडीचा पहिला टप्पा म्हणून गाडी नेहमीच्या सामानासह, इंधनाची टाकी भरून व माणसे बसवून वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या आसेवरचे वजन स्वतंत्रपणे नोंदवावे. स्प्रिंगचे गुणधर्म दोन असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते : एक तिची मोकळी लांबी व दुसरा तिचा दर, म्हणजे ती १ मि.मी. दाबण्यासाठी लागणारे बल. मळसूत्री (कॉइल) स्प्रिंगचा दर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. तार केवळ १० टक्क्यांनी जाड केली तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते, म्हणून नजरेने ‘थोडी जाड’ दिसणारी स्प्रिंग प्रत्यक्षात पुष्कळ कडक असू शकते. उदाहरणादाखल मागच्या आसेवरील दोन्ही स्प्रिंगांचा एकत्रित दर दर मिलिमीटरला ६ किलोग्रॅम आणि त्यांच्यावरचे वजन ६०० किलोग्रॅम मानल्यास गाडीचा मागचा भाग सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलतो. तेथे २०० किलोग्रॅम सामान कायमचे ठेवले तर मागची बाजू ३३ मि.मी. खाली बसते, दर ८ किलोग्रॅम असलेल्या स्प्रिंगांवर ती २५ मि.मी. बसते आणि झुलण्याची गती पुन्हा मूळच्या १.६ वरच येते. याच कडक स्प्रिंगा रिकाम्या गाडीवर मात्र ही गती १.८ च्या पुढे नेतात, गाडी आदळू लागते आणि चाक खळग्यात उतरण्याऐवजी अधांतरी राहते. म्हणून कडक स्प्रिंग ही कायमच्या भारासाठी घ्यावी. वर्षातून एकदा लडाखला जाताना भरल्या जाणाऱ्या सामानासाठी ती घेणे उरलेल्या वर्षभराचे नुकसान करणारे आहे.

स्प्रिंग न बदलता गाडी उंच करण्याचे स्वस्त उपाय प्रचलित आहेत आणि त्यांच्या मर्यादा नीट समजून घ्याव्या लागतात. स्प्रिंगच्या टोकाशी ठेवलेली चकती (स्पेसर) दर बदलत नाही. धक्काशोषक मूळचाच राहिला तर सांगाडा जितका वर जातो तितकीच चाकाची खाली लोंबण्याची मुभा कमी होते, आणि हीच मुभा खडबडीत वाटेवर चाक जमिनीला टेकलेले ठेवते. २०१० साली आलेल्या महिंद्रा थारमध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब होती. तिचा बोल्ट आवळून नाक उंच करण्याची पद्धत याच दोषाची शिकार ठरते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांत लांब शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा, बसवितात. त्याच्या वाढीव लांबीच्या सुमारे निम्मीच उंची मिळते आणि आसेचा कोन फिरतो. १९८५ पासून भारतात विकल्या गेलेल्या मारुती जिप्सीत चारही चाकांना पाटे असून ते आसेच्या खालून जातात; ते आसेवर घेण्याचा बदल गाडी एकदम पुष्कळ उंच करतो, पण त्यापाठोपाठ सुकाणूचे दांडे, ब्रेकच्या नळ्या आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन या साऱ्यांचीच फेररचना करावी लागते, म्हणून तो स्पर्धेच्या गाडीपुरता ठेवणे श्रेयस्कर आहे.

स्प्रिंगने साठविलेली ऊर्जा धक्काशोषक तेलाला बारीक छिद्रांतून व पातळ चकत्यांच्या झडपांतून जायला लावून उष्णतेत बदलतो. त्याचा विरोध दोन दिशांना वेगळा असतो : दाबला जाताना कमी व उसळताना अधिक. कडक स्प्रिंग अधिक जोराने उसळते, म्हणून तिच्या जोडीला उसळीचा विरोधही वाढलेला धक्काशोषक लागतो. नव्या स्प्रिंगांवर जुने शॉकअप ठेवल्यास गाडी होडीसारखी डुलत राहते. रचनेचे मुख्य प्रकार दोन आहेत. दुनळी प्रकारात आतल्या नळीभोवती तेलसाठ्याची दुसरी नळी असते. बाहेरच्या नळीला पोचा आला तरी तो बहुधा चालत राहतो आणि स्वस्तही असतो, पण तापलेले तेल फेसाळल्यास त्याचा जोर ओसरतो. एकनळी प्रकारात तरंगता दट्ट्या तेलाला दाबाखालच्या नायट्रोजनपासून अलग ठेवतो, त्यामुळे फेस आटोक्यात राहतो आणि उष्णता थेट बाहेर जाते. जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीचे नाव या रचनेशी जोडलेले आहे. मात्र त्याच्या नळीवर दगडाचा एक घाव दट्ट्या अडकविण्यास पुरेसा असतो. कोणता घ्यावा याचे उत्तर वाटेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात भरलेल्या गाड्या नालीदार कच्च्या रस्त्यांवर तासन्‌तास वेगाने चालतात, तेथे उष्णता हाच मुख्य शत्रू असतो आणि ओल्ड मॅन एमूसारखी उत्पादने याच गरजेतून घडली. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवर किंवा गोव्याच्या जांभ्याच्या चिखलात गाडी चालण्याच्या वेगाने सरकते, तेल तापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे लांब हालचाल आणि दांड्याच्या तोंडाशी चिखल अडविणारे चांगले सील अधिक मोलाचे ठरतात, आणि वेगळ्या तेलटाकीच्या महागड्या धक्काशोषकावर केलेला खर्च वाया जातो.

धक्काशोषकाची लांबी मोजूनच ठरवावी. चाक पूर्ण वर दाबले असता रबरी ठोकळा (बंपस्टॉप) आधी टेकला पाहिजे आणि तेव्हाही धक्काशोषकात थोडी हालचाल शिल्लक राहिली पाहिजे. तसे नसेल तर गाडीचा सारा आघात त्याच्या दट्ट्यावर येतो व तो फुटतो. चाक पूर्ण लोंबले असता ब्रेकची रबरी नळी आणि ए.बी.एस.ची तार ताणली जाऊ नये, तसेच स्प्रिंग बैठकीतून निसटू नये.

उंची बदलली की भूमिती बदलते, आणि या बाबतीत गाडीगणिक उत्तर वेगळे येते. सुझुकी जिम्नीत पुढेही अखंड आस असून ती पुढे-मागे धरणाऱ्या भुजांवर टेकलेली आहे. अशी भुजा ९०० मि.मी. लांब धरल्यास ५० मि.मी. उंचीने आस सुमारे ३ अंशांनी फिरते आणि कॅस्टर कोन, म्हणजे सुकाणूच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, तितकाच घटतो. याच कोनामुळे सुकाणू आपोआप सरळ होतो. तो घटल्यास गाडी महामार्गावर भरकटते, म्हणून सुधारक बुश किंवा भुजांचे खाली घेतलेले आधार उंचीबरोबरच घेणे आवश्यक असते. आसेला आडवी धरणारी पॅनहार्ड दांडी तिला काही मिलिमीटर एका बाजूला ओढते, त्यासाठी लांबी जुळविता येणारी दांडी मिळते. २०२० च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र निलंबन व मागे अखंड आस आहे. तिच्या पुढच्या चाकांना शक्ती नेणारे सांधे उंचीबरोबर तिरके होतात व त्यांची रबरी आवरणे लवकर फाटतात, म्हणून स्वतंत्र निलंबनात ५० मि.मी. ही सुज्ञ मर्यादा मानली जाते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरविणारी झडप आसेशी दांड्याने जोडलेली असते. गाडी उंच होताच ती झडप गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक सौम्य करते. हा दोष सपाट रस्त्यावर जाणवतही नाही, म्हणून तो अधिक घातक आहे.

बुशांच्या बाबतीत पॉलियुरेथेनचे कौतुक अनेकदा अवाजवी असते. ते रबरापेक्षा टिकाऊ व कडक असले तरी पीळ सहज घेत नाही; ज्या भुजांना आसेबरोबर वळावे लागते तेथे ते हालचाल अडविते, त्यामुळे अशा ठिकाणी चांगले रबरच योग्य ठरते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीही या मुद्द्यावर दावा अडवू शकते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत मूळ उंचीच्या जवळ राहून भारानुरूप स्प्रिंग आणि तिला जुळणारे धक्काशोषक घेणे हा तांत्रिक दृष्ट्याही उत्तम मार्ग आहे.

बसविताना पाट्यांचे यू-बोल्ट नवे घ्यावेत, कारण एकदा ताणलेले बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाहीत, आणि काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत. रबरी बुश असलेल्या भुजांचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना अंतिम आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार स्प्रिंगांवर आल्यावरच ते आवळावेत, नाहीतर बुश कायमचा पिळलेल्या स्थितीत राहून थोड्याच महिन्यांत फाटतो.