एक कवटी, तीन वजने

कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, म्हटले की उंदीर, खार, फार तर घूस किंवा साळिंदर आपल्या डोळ्यांपुढे येते. हयात कृंतकांतला सर्वांत मोठा प्राणी दक्षिण अमेरिकेतील कॅपिबारा. त्याचे वजन साधारण ५० ते ६० किलो. अशा गणातील एका लुप्त प्राण्याची नुसती कवटीच ५३ सेंटिमीटर लांब आहे. परंतु तिच्या लांबीपेक्षा आम्हांस अधिक कुतूहल वाटते ते तिच्या वाचनाच्या इतिहासाचे.

ही कवटी १९८७ साली उरुग्वेत सापडली. तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होण्यास मात्र २००८ साल उजाडावे लागले. आंद्रेस रिंडरक्नेख्त आणि एर्नेस्तो ब्लांको यांनी जातीचे नाव ठेवले होसेफोआर्तिगासिया मोनेसी. नावाच्या पूर्वार्धात उरुग्वेचे राष्ट्रपुरुष होसे आर्तिगास यांचे स्मरण आहे, उत्तरार्धात पुराजीवशास्त्रज्ञ आल्व्हारो मोनेस यांचे.

कवटीची ठेवण अस्सल कृंतकाची: पुढे पटाशीचे प्रचंड वाकडे दात, सुळे नाहीत, मध्ये मोकळी जागा आणि मागे दाढा. प्राणी केवढा असेल? धड तर हाती नव्हतेच. हयात कृंतकांच्या कवटीचे आणि वजनाचे प्रमाण काढून लेखकांनी उत्तर दिले, सुमारे १००० किलो. त्याच वर्षी व्हर्जिनी मिलियँ यांनी त्याच मापांची फेरमांडणी करून सुमारे ३५० किलो सांगितले. ६० किलोंच्या प्राण्यांवरून आखलेली रेषा पुढे कित्येक पट लांबवली की आरंभीचा अल्पसा फरकही अखेरीस शेकडो किलोंचा होतो. पुढे २०२२ साली रसेल एंगेलमन यांनी कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकते त्या उंचवट्यांची रुंदी प्रमाण मानली. उत्तर आले सुमारे ४८० किलो.

दातांची कथाही अशीच. २०१५ साली फिलिप कॉक्स यांनी रिंडरक्नेख्त व ब्लांको यांच्यासह कवटीची संगणकीय प्रतिकृती तपासली. पुढच्या दातांच्या चाव्याचा जोर १३८९ न्यूटन, म्हणजे सुमारे १४० किलो भाराइतका निघाला. दात मात्र याच्या जवळजवळ तिप्पट ताण सोसण्याजोगे होते. केवळ कुरतडण्यासाठी इतकी मजबुती कशाला? हत्तीच्या सुळ्यांप्रमाणे जमीन उकरण्यास वा स्वसंरक्षणास ते उपयोगी पडत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण शीत कोणते उचलले, हेही सांगावे लागते. हाड तेच राहिले. प्राणी मात्र पहिल्या अंदाजाच्या निम्म्यावर आला. यात विज्ञानाची फजिती आम्हांस दिसत नाही. प्रत्येकाने आपले माप उघड मांडले, म्हणूनच पुढच्याला ते तपासता आले. वृत्तपत्री मथळ्यात एक टनाचा उंदीर शोभून दिसतो. इतिहासात मात्र आकड्याबरोबर त्याचे मापही नोंदवले पाहिजे.