शालेय बालकांमधील कृशता व स्थूलता : राजापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कुपोषणाचा इतिहास बहुधा दुष्काळाच्या अनुषंगाने मांडला जातो. राजापूरसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यात मात्र कृशतेची मुळे अवर्षणात नसून निकस जमीन व स्थलांतर यांत आढळतात. कृशता ओसरण्यापूर्वीच स्थूलतेचा प्रश्न कसा उभा राहिला, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

आहाराची पार्श्वभूमी

१८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरवरून असे दिसते की, सामान्य रयतेचे मुख्य अन्न नाचणी, वरी व हरीक हे होते. रोजचा भात ही सुस्थितीची खूण होती. कातळ व वरकस जमिनीत वर्षभर पुरेल इतके धान्य पिकत नसल्याने कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि घरे मनिऑर्डरीवर चालू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हा आधार डळमळीत केला. पुढे रेशनच्या तांदूळ-गव्हामुळे पोट भरण्याची शाश्वती वाढली. परंतु भरपूर कॅल्शियम असणारी नाचणी ताटातून मागे पडली.

शालेय पोषण आहार

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली. प्रारंभी हजेरीच्या अटीवर विद्यार्थ्यास दरमहा ३ किलो तांदूळ मिळत असे. घरी पोहोचलेला हा तांदूळ साहजिकच साऱ्या कुटुंबात वाटला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देण्याचे बंधन आले. २००६ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. या सर्व टप्प्यांत शासनाची दृष्टी अन्नाच्या उणिवेवरच होती.

आकडेवारीचा कल

महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३७ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के होते. याउलट २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात अतिवजनाचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. हीच बालके पुढे शाळेच्या पटावर येतात. ५ ते १९ वयोगटातील भारतीय मुलग्यांमध्ये मध्यम व तीव्र कृशता १९७५ मध्ये ३९.३ टक्के होती; २०१६ मध्येही ती ३०.७ टक्के होती. जागतिक पातळीवर मात्र २०२५ मध्ये युनिसेफने शालेय वयात स्थूलतेने कृशतेस मागे टाकल्याचे नोंदविले.

या दुहेरी चित्राचा एक उलगडा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील संशोधनातून होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुणे परिसरातील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो आढळले. तथापि वजन कमी असूनही पुण्याच्या अर्भकांत चरबी तुलनेने टिकून होती. स्नायू मात्र कमी होते. अशा बालकाच्या हाती पुढे बिस्किटे व गोड पेये आली, तर मधुमेहाचा धोका वाढतो.

समारोप

कृशता व स्थूलता या एकामागून एक येणाऱ्या अवस्था नसून एकाच वंचिततेच्या दोन बाजू आहेत. म्हणून स्थूलतेच्या भीतीने शाळेतील ताट कमी करणे हा कृश बालकावर अन्याय ठरेल. आणि केवळ तांदळाचे माप वाढविणे हाही उपाय नव्हे. शाळेत वजनाबरोबर उंचीची नियमित नोंद ठेवणे आणि नाचणी, कुळीथ यांसारख्या स्थानिक धान्य-कडधान्यांना आहारात पुन्हा स्थान देणे, हीच या इतिहासाची शिकवण होय.