गर्द : दीर्घकालीन शारीरिक व सामाजिक परिणाम

गर्द (ब्राउन शुगर) : अफूच्या चिकातील मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन मिळते. त्याचा अशुद्ध, भेसळयुक्त, तपकिरी प्रकार म्हणजे गर्द. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानातील उलथापालथीमुळे तस्करीच्या वाटा भारताकडे वळल्या आणि १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात पुडी सहज मिळू लागली. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर नळीने ओढतात. सुई टोचावी लागत नाही, म्हणून नवख्या मुलाला त्यात धोका दिसत नाही.

रोज ओढणाऱ्याला काही आठवड्यांतच त्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. पुढे नशेची मजा संपते आणि ‘टर्की’, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, टाळण्यासाठी ओढणे सुरू होते. शेवटच्या झुरक्यानंतर सहा ते बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे फुटल्यासारख्या वेदना, जुलाब आणि निद्रानाश सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोचतो आणि आठवडाभरात शरीर बरेचसे सावरते. ओढ मात्र महिनोन्‌महिने टिकते. शरीर सावरले म्हणजे मुलगा सुटला, असे समजणारी घरे इथेच फसतात.

वर्षानुवर्षे धूर घेतल्याने श्वासनलिका व फुप्फुसे खराब होतात. बद्धकोष्ठता जडते, दात किडतात, भूक मरते. पुरुषांत कामेच्छा घटते, स्त्रियांची पाळी अनियमित होते. धुरामुळे मेंदूतील श्वेतद्रव्याचा ऱ्हास होण्याचा दुर्मिळ पण घातक विकार १९८२ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदला गेला. धुरावरून सुईकडे वळणाऱ्यांना सामायिक सुईतून एचआयव्ही व हेपटायटिस सी होतो, गळवे होतात, कधी हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग होतो. सर्वांत मोठा धोका काही काळ नशा सोडल्यानंतरचा असतो. तुरुंगातून किंवा उपचारांतून बाहेर पडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

सामाजिक किंमत मुख्यतः घर मोजते. आधी घड्याळ, मग भांडी, मग बायकोचे दागिने विकले जातात. नोकरी जाते, चोरी घरातून सुरू होऊन बाहेर पोचते. समाज ‘गर्दुल्ला’ म्हणून मोकळा होतो, पण आई दार उघडू की नको या विवंचनेत रात्री काढते, पत्नी माहेरीही खरे सांगू शकत नाही, मुले शाळेत वडिलांचा विषय टाळतात. व्यसन सुटल्यावरही कर्ज फिटायला आणि विश्वास परतायला वर्षे लागतात. व्यसनाच्या खर्चाचा कोणताही हिशेब घरच्यांच्या या वर्षांशिवाय अपुरा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न घराघरांत पोचवला तो अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने. ते वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी डॉ. अनिता अवचट यांनी बसवली. रुग्णमित्रांच्या, म्हणजे उपचार घेणाऱ्यांच्या, पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट चालतो. पत्नीलाही आधार लागतो हे ओळखणे या कामाचे फार मोठे योगदान आहे.

केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षण-अहवालानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य व तत्सम पदार्थ घेतात. त्यांत हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण अफू घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यात हेरॉइनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत कारावास आहे. मात्र सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत) आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केल्यास कलम ६४ अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मुलगा पकडला गेल्यावर वकिलाकडे धावणाऱ्या पालकांनी या कलमाची चौकशी पहिल्याच भेटीत करावी.